थंडर बेला येताय? तीन रात्री तरी राहा

अबोली

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात टोरांटोहून विनिपेगला गाडीने निघालेलं ओळखीचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं. रात्री नऊला आले, पिठलं-भात जेवले, झोपले आणि सकाळी सहाला पुढे निघाले. निघताना त्यांच्या धाकट्याने विचारलं, "मावशी, तो झोपलेला राक्षस कुठे आहे?" मी बोट दाखवलं तिकडे नुसतं पांढरं धुकं. पोरगं हिरमुसलं. तेव्हाच ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहायचं.

मी थंडर बेला सात वर्षं राहते आहे. आपल्यापैकी बहुतेक लोक हे गाव पाहतात ते असंच, गाडीने कॅनडा पालथा घालताना एका रात्रीच्या मुक्कामापुरतं. टोरांटोपासून रस्त्याने साधारण १४०० किलोमीटर, विनिपेगपासून ७००. माणूस दमून येतो आणि दमलेलाच निघून जातो. म्हणून कळकळीने सांगते, तीन रात्री काढा. कारण पुढे येईलच.

आधी गाव ज्याच्या काठी आहे त्या सरोवराबद्दल. लेक सुपीरियर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फार तर रंकाळा किंवा अंबाझरी येतो. याचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर क्षितिज, लाटा, गलबतं, सगळं समुद्रासारखं, फक्त खारा वास नाही. मी अलिबागची. पहिल्या वर्षी मला तो वास नसल्याचंच फार चुकचुकायचं.

गावाचं नाव मतदानाने ठरलं. १ जानेवारी १९७० ला पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन जुनी शहरं आणि शेजारचा काही भाग मिळून हे शहर झालं. नावासाठी मतपत्रिकेवर तीन पर्याय होते : थंडर बे, लेकहेड आणि द लेकहेड. शेवटच्या दोघांत मतं फुटली आणि १५,८७० मतं घेऊन थंडर बे निवडून आलं. लेकहेडला १५,३०२ आणि द लेकहेडला ८,३७७. अजूनही जुनी माणसं "मी पोर्ट आर्थरचा" असंच सांगतात, आणि गावाला दोन मध्यवस्त्या आहेत. हॉटेल बुक करताना हे ध्यानात ठेवा. सरोवराकाठी राहायचं असेल तर पोर्ट आर्थरकडची बाजू घ्या.

आता तो "राक्षस". खाडीच्या पलीकडे सिब्ली द्वीपकल्पाचे डोंगर आहेत. शहरातून पाहिलं की हातांची घडी छातीवर ठेवून उताणा झोपलेला माणूस दिसतो. स्लीपिंग जायंट. इथले मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांच्या कथेत हा नानाबिजू. त्याने आपल्या माणसांना चांदीची खाण दाखवली आणि बजावलं की गोऱ्यांना ही जागा कळली तर मी दगड होईन. गुपित फुटलं आणि तो दगड झाला. गंमत म्हणजे द्वीपकल्पाच्या टोकाशी खरोखरच चांदी सापडली, १८६८ मध्ये, सिल्व्हर आयलेट नावाच्या एवढ्याशा खडकावर. लाकडी बांध घालून, सरोवराच्या लाटांशी झगडत, पाण्याखाली खणत गेले. १८८४ मध्ये कोळशाचं जहाज वेळेत पोचलं नाही, पाणी उपसणारे पंप थांबले आणि खाण बुडाली ती कायमची. म्हणून पोरांना मी राक्षस म्हणू देत नाही. इथल्या लोकांचा तो रक्षणकर्ता आहे.

माझी सगळ्यांत आवडती जागा मात्र वेगळी आहे : फोर्ट विल्यम हिस्टॉरिकल पार्क. नॉर्थ वेस्ट कंपनी नावाची फरचा व्यापार करणारी कंपनी होती. १८०३ च्या सुमारास तिने आपलं मुख्य ठाणं इथे कमिनिस्टिकिया नदीकाठी आणलं. माँट्रियालहून माल घेऊन होड्या यायच्या, वायव्येच्या जंगलातून बीव्हरची कातडी घेऊन दुसऱ्या होड्या यायच्या, आणि जुलैत इथे मोठी जत्राच भरायची. बीव्हरच्या लोकरीपासून युरोपात टोप्या व्हायच्या, त्यासाठी हा सगळा खटाटोप. मूळ ठाण्याच्या जागी पुढे रेल्वेचं यार्ड झालं, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला ते सगळं जसंच्या तसं पुन्हा उभारलं आणि १९७३ मध्ये खुलं केलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा होड्यांच्या शेडमध्ये एक मुलगी बर्चच्या सालीची होडी शिवत बसली होती. चांभाराच्या आरीसारख्या टोच्याने भोक पाडायचं आणि पाण्यात भिजवलेली स्प्रूस झाडाची मुळी त्यातून ओवायची. दोरा नाही, खिळा नाही. शिवण झाली की त्याच झाडाचा डिंक चरबीत वितळवून सांध्यांवर थापायचा. त्या डिंकाचा वास कापूर आणि राळ यांच्या मधला कुठलातरी. अशी ११ मीटर लांबीची होडी तीन टन माल वाहायची, आणि धबधबा आडवा आला की माणसं माल आणि होडी दोन्ही खांद्यावर घेऊन पायी जायची. तिने मला एक गठ्ठा उचलायला दिला. ९० पौंड, म्हणजे ४१ किलो. मला जमिनीपासून वीतभरही हलवता आला नाही. ते लोक असे दोन गठ्ठे एकावर एक, कपाळाला पट्टा लावून, एका वेळी न्यायचे. पट्टा डोक्यावरून पाठीला, हात मोकळे.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. वेळ मिळेल तसं उत्तर देईन.

---

मिरजकर

अबोलीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी विनिपेगला असतो. जुलैत आई-बाबा येणार आहेत. बाबा सत्तरीचे, तब्येत ठणठणीत. आईचे गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना झेपेल असं काय आहे?

---

अबोली

मिरजकर, जुलै उत्तम. दिवस एवढा मोठा असतो की जेवण उरकून फिरायला निघालं तरी उजेड असतो. आपण घड्याळ टोरांटोचं लावतो पण गाव त्याच्या खूप पश्चिमेला, म्हणून जूनअखेरीस सूर्य मावळायला दहा वाजतात.

काकूंसाठी काकाबेका फॉल्स नक्की. शहरापासून अर्ध्या तासावर, ४० मीटर उंचीचा धबधबा. गाडी लावल्यापासून लाकडी पायवाटेने शंभर पावलांत कठडा येतो. व्हीलचेअरही जाते. नदीचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात धार बारीक होते. मे-जूनमध्ये किंवा मोठ्या पावसानंतर गेलात तर पाणी चहासारखं तांबूस आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तो रंग घाणीचा नाही, दलदलीतल्या झाडापाल्याचा आहे. काकांना दम असेल तर त्यांनी माउंटन पोर्टेज ट्रेल करावी, सव्वा किलोमीटर. वर गठ्ठ्यांचं लिहिलं ना, ते लोक हा धबधबा टाळून याच वाटेने चढायचे.

शिवाय हिलक्रेस्ट पार्क. गाडीतून उतरलं की बाक, बाकावर बसलं की समोर अख्खं बंदर आणि जायंट. आणि माउंट मॅकेचा कठडा. तिथे वरपर्यंत गाडी जाते. तो डोंगर फोर्ट विल्यम फर्स्ट नेशनचा, म्हणजे इथल्या ओजिब्वे समाजाचा आहे, त्यांच्या भाषेत अनेमकी वाजिव, मेघगर्जनेचा डोंगर. फाटकावर गाडीमागे थोडं शुल्क घेतात. ते त्यांचं पवित्र ठिकाण आहे, तेवढं भान ठेवून जावं.

जेवणाचं खालच्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावलाय.

---

कोकणकडा

मी टोरांटोत असतो. मूळचा पुण्याचा, सह्याद्रीत वाढलेला. दोन वर्षांपूर्वी फक्त जायंटच्या माथ्यावर जायचं म्हणून तिथे गेलो होतो. माहिती देतो.

"टॉप ऑफ द जायंट" ही वाट जाऊन-येऊन साधारण २२ किलोमीटर. सुरुवातीचा मोठा भाग कबेयन ट्रेलने, काठाकाठाने, जवळजवळ सपाट. मग चढ लागतो तो चांगला छातीवरचा. माथ्यावर पठार, आणि पठाराच्या कडेला अडीचशे मीटरच्या आसपास सरळ तुटलेला कडा. माझ्या नावावरून कळेल मला कुठली आठवण झाली असेल. पोटावर झोपून खाली पाहिलं. खाली हिरवं-निळं पाणी, त्यातले दगड वरून मोजता येतील इतकं स्वच्छ.

एक गोष्ट मला तिथे फार भिडली. कड्याचा दगड हातात घेतला तर काळा, जड, ओळखीचा. उभ्या भेगा पडलेल्या, जणू आपलाच कातळ. घरी येऊन वाचलं. तो डायबेस आहे. रासायनिकदृष्ट्या आपल्या बेसॉल्टचा सख्खा भाऊ. आपला लाव्हा जमिनीवर ओतला गेला आणि थिजला, याचा जमिनीखालीच इतर थरांमध्ये शिरून थिजला, आणि वरचं सगळं झिजल्यावर उघडा पडला. म्हणून त्याचे माथे आपल्या किल्ल्यांसारखे सपाट दिसतात. वय मात्र फार वेगळं. दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, हा ११० कोटींचा.

सूचना : पहाटे निघा. तीन लिटर पाणी लागतंच. मोबाईलला रेंज धरून चालू नका. पार्कचा दिवसाचा परवाना ऑनलाइन आधी काढा, शनिवार-रविवारी जागा संपतात. २२ किलोमीटर जमणार नसतील तर "सी लायन"ची छोटी वाट करा. तासा-दीड तासाचं काम आणि पाण्यात घुसलेली दगडाची कमान बघायला मिळते.

---

आजोळ

कोकणकडा, फोटो टाका ना.

अबोली, पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत. त्यांना किल्ला आणि कातळ किती वेळ पुरणार?

---

अबोली

किल्ला तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त पुरेल. तिथे लोहार आहे, मेंढ्या आहेत, भट्टीतून पाव निघतो, बंदुकीचा बार काढतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना चार तास हलली नाही.

सेंटेनियल पार्कमध्ये जुन्या लाकूडतोड्यांच्या छावणीची प्रतिकृती, शेतातली जनावरं आणि मस्केग एक्स्प्रेस नावाची छोटी झुकझुक गाडी आहे. बंदरावर मरीना पार्कमध्ये मुलांसाठी कारंजी आहेत, तीच जागा हिवाळ्यात गोठवून स्केटिंगला देतात. तिथेच जवळ अलेक्झांडर हेन्री नावाची बर्फफोडी बोट उभी आहे, उन्हाळ्यात आत जाऊन पाहता येते. तिचा जन्म याच गावच्या गोदीतला. निवृत्तीनंतर बरीच वर्षं किंग्स्टनला संग्रहालय म्हणून होती. २०१७ मध्ये गावकऱ्यांनी तिला परत आणली. इंजिनाच्या खोलीत उतरताना शिडी उभी आहे, पाच वर्षांच्याचा हात धरा.

आणि ॲमेथिस्ट! शहराच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरात खाणी आहेत. तिथे पाहुण्यांना बादली आणि खुरपणं देतात. मातीत बसून आपण आपले जांभळे दगड शोधायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. १९७५ पासून हा ओंटारियोचा अधिकृत खनिज-मानबिंदू आहे. इकडच्या काही खड्यांच्या टोकाला लालसर तांबूस छटा असते, ती आतल्या हेमॅटाइटची, म्हणजे लोखंडाची. मुलांना पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश द्या. चिखलाचा गोळा घासता घासता आतून जांभळं चमकायला लागलं की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

---

कोकणकडा

लहानपणी ट्रेकहून खिसे भरून गारगोट्या आणायचो, तसंच की हे. तेव्हा नेलेले दोन खडे अजून टेबलावर आहेत. फोटो रात्री टाकतो.

---

नावाडी

धागा फार चांगला चाललाय. एक गंभीर प्रतिसाद देतो, कृपया सगळ्यांनी वाचा.

मी दहा वर्षं कायाक वल्हवतो. पोहता उत्तम येतं, कृष्णामाईत शिकलोय. पाच वर्षांपूर्वी जूनच्या मध्यावर याच सरोवरात, काठापासून दोनशे मीटरवर, बाजूने लाट आली आणि मी उलटलो. ऊन कडक होतं, हवा पंचवीस अंश. पाणी सहा-सात अंश असावं. आत पडल्याबरोबर श्वास आत ओढला गेला, माझ्या इच्छेविरुद्ध, आणि थांबेना. तोंड पाण्याखाली असतं तर तिथेच संपलं असतं. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून तोंड वर राहिलं. पाच-सात मिनिटांत बोटांनी पकड सोडली. कायाकची दोरी दिसत होती, पण बोटं वळत नव्हती. बरोबरच्या मित्राने मला त्याच्या होडीच्या मागच्या कडीला अडकवून काठावर ओढत नेलं.

इथे थंड पाण्याचा एक नियम शिकवतात : १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. नंतर दहा मिनिटं हातपाय कामाचे. आणि साधारण एक तास, त्यानंतर थंडीने शुद्ध हरपते. मराठी माणसाला वाटतं पोहायला येतं म्हणजे झालं. या पाण्यात दहा मिनिटांनी पोहणारा आणि न पोहणारा सारखेच.

म्हणून लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, होडीत उशाला ठेवू नका. पहिल्यांदा जात असाल तर गाइडबरोबर जा. मुलांना पोहायचं असेल तर बुलेव्हार्ड लेकला न्या. ते गावातलं छोटं तळं आहे, उन्हाळ्यात पाणी कोमट असतं.

एवढं होऊनही दर उन्हाळ्यात मी जातोच. सकाळी वारा पडलेला असताना त्या कड्यांखालून वल्हवत जाणं यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही. पण पुढचा अंदाज बघून आणि काठ धरून.

---

आजोळ

नावाडी, अंगावर काटा आला. बरं झालं लिहिलंत. जॅकेटं विकत घेऊनच निघू.

---

ऋतुगंध

मी इथे लेकहेड युनिव्हर्सिटीत शिकतेय, दुसरं वर्ष. हिवाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

नाशिकहून आले तेव्हा जानेवारीत रात्री उणे तीसपर्यंत पारा उतरला. पहिला महिना मी खोली ते वर्ग एवढंच केलं. मग रूममेटने जबरदस्तीने कॅमव्ह्यूला नेलं, क्रॉस-कंट्री स्कीइंगला. उतारावरून घसरायचं स्कीइंग नाही हे. जंगलातून, दोन सरळ रुळांत पाय टाकून, आपल्या बळावर चालायचं. बूट-स्की भाड्याने मिळतात. १९९५ ची नॉर्डिक स्कीइंगची जागतिक स्पर्धा याच शहरात झाली होती, त्यामुळे इथे लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे करतात. मार्चमध्ये स्लीपिंग जायंट पार्कमध्येच लॉपेट नावाची मोठी स्की-शर्यत असते. मी सगळ्यात छोट्या अंतराला नाव दिलं आणि पूर्ण केलं.

आणि सॉना! गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकूडतोडीला फिनलंडहून खूप लोक आले. त्यांच्यामुळे गावात सार्वजनिक सॉना आहेत, तासावर खोली मिळते. तापलेल्या दगडांवर पळीने पाणी टाकायचं, वाफ अंगावर घ्यायची. उणे पंचवीसच्या दिवशी त्या खोलीत शिरलं की हाडांतली थंडी निघते. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, आपल्या बाळंतिणीच्या शेकासारखंच की."

---

अबोली

ऋतुगंध, शाब्बास! या रविवारी जेवायला ये, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते.

मिरजकर, जेवणाचं राहिलं होतं. बे स्ट्रीटवर फिनिश लोकांचं १९१० सालचं लेबर टेम्पल होतं आणि त्याच्या तळघरात १९१८ पासून होइटो नावाची खानावळ. लाकूडतोड्यांनी स्वतः पैसे घालून सहकारी तत्त्वावर काढलेली. पातळ, ताटाएवढे पॅनकेक मिळायचे. डिसेंबर २०२१ च्या आगीत ती वास्तू गेली. त्या रात्री गावातले लोक थंडीत रस्त्यावर उभे राहून रडत होते. तसे पॅनकेक आजही गावात मिळतात, पण त्यात अंडं असतं. तुमच्या आई-बाबांना चालणार नाही.

"पर्शियन" नावाचा एक गोड पदार्थ फक्त या गावचा. तळलेला लंबगोल पाव आणि वर गुलाबी बेरीचं आयसिंग. तो कशात तळलाय आणि आत काय आहे हे दुकानात विचारून मगच द्या. इंडियन रेस्टॉरंटं आणि किराणा दुकानं आता आहेत, विद्यार्थी वाढल्यापासून बरीच सोय झाली. पण सिल्व्हर आयलेट किंवा वीमेट कॅन्यनकडे जाताना वाटेत शाकाहारी काही मिळेल या भरवशावर राहू नका. दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा. मी अजूनही तेच नेते.

वीमेट कॅन्यन काकांना दाखवाच. दीडशे मीटर रुंद, शंभर मीटर खोल अशी दरी. तळाला ऊन इतकं कमी पोचतं की तिथे उत्तर ध्रुवाकडची झाडोरा-शेवाळी टिकून आहेत, हजार किलोमीटर उत्तरेला सापडणारी. खाली उतरायला बंदी आहे, वरच्या दोन कठड्यांवरून पाहायचं.

---

मुशाफिर

ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा तुमच्या गावावरून जातो. रस्त्याबद्दल दोन शब्द. सॉल्ट सेंट मरी ते थंडर बे हा टप्पा फार देखणा आणि फार लांब आहे. अर्धी टाकी झाली की भरा, पुढचा पंप बघू म्हणू नका. अंधार पडल्यावर मूस, म्हणजे इकडचं भलंमोठं हरीण, रस्त्यावर येतो. उंट बरा एवढं धूड, पाय लांब, अंग काळं, हेडलाइटमध्ये डोळे चमकत नाहीत कारण ते दिव्याच्या वर असतात. कुटुंब बरोबर असेल तर रात्री चालवू नका.

निपिगॉनचा पूल लागेल, दोर बांधलेला पांढरा. कॅनडाच्या पूर्व-पश्चिम रस्त्याला त्या जागी दुसरी वाटच नाही. जानेवारी २०१६ मध्ये नव्या पुलाचा एक भाग वर उचलला गेला आणि देशाचे दोन तुकडे झाल्यासारखं झालं होतं.

आणि टेरी फॉक्सच्या पुतळ्यापाशी थांबा. मी दर वेळी थांबतो.

---

अबोली

मुशाफिर, धन्यवाद, ते माझ्याकडून राहून गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टेरी फॉक्सचा उजवा पाय अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरने गेला. १२ एप्रिल १९८० ला त्याने अटलांटिकच्या काठावरून कृत्रिम पायाने धावायला सुरुवात केली, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बेच्या बाहेर छातीत दुखायला लागलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, तेविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत. पुतळ्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्याला जायचं होतं तिकडे. त्याच्या नावाची दौड आपल्या मुंबईतही होते.

माझे सासरे टाटामध्ये उपचार घेत होते त्या वर्षी मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले. जास्त लिहीत नाही.

---

आजोळ

डासांचं काय?

---

नावाडी

मेअखेर ते जून काळ्या माश्या, ब्लॅकफ्लाय. कानामागे आणि केसांच्या रेषेवर चावतात, रक्त येतं, कळत नाही. मग डास. जुलैअखेरपासून कमी. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, डीट किंवा इकारिडिनचा स्प्रे. गवतातून आल्यावर गोचीड लागली नाही ना बघा. ऑगस्टमध्ये आलात तर हे सगळं जवळजवळ संपलेलं असतं आणि खडकांवर रानटी ब्लूबेरी पिकलेल्या असतात. करवंदं तोडायला जातो तसं डबा घेऊन जायचं. अस्वलालाही तेच फळ आवडतं, तेव्हा गप्पा मारत तोडा.

---

मिरजकर

मंडळी, जाऊन आलो. वृत्तान्त देतो.

पहिल्या दिवशी पाऊस. किल्ल्यात गेलो. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात पस्तीस वर्षं तोलाईला होते. ९० पौंडांचा गठ्ठा त्यांनी वाकून, हात न लावता, आधी चहूबाजूंनी बघितला. मग तिथल्या मुलाला म्हणाले, "गाठ वर बांधलीय, खाली पाहिजे, मानेवर येत नाही." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने कपाळपट्टा लावून दाखवला आणि गाठ वर का, ते समजावलं. भार पाठीवरून कपाळावर जातो, मानेवर येतच नाही. बाबांनी पट्टा स्वतःच्या कपाळाला लावून बघितला. मग अर्धा तास दोघं खुणांनी बोलत होते, हमाल पोतं कसं पाठीवर घेतात, आकडा कुठे लावतात. आई तोवर भट्टीपाशी पाव बघत बसली.

दुसऱ्या दिवशी धुकं. इतकं की टेरी फॉक्सच्या पुतळ्यामागे काहीच नव्हतं, फक्त पांढरं. धबधबा पाहिला, काकाबेकाला पाणी भरपूर होतं. दुपारी बंदरावर गेलो तर धुक्यातून धान्याचे एलिव्हेटर दिसले. बाबांनी विचारलं हे काय. मी वाचून सांगितलं : प्रेअरीतला, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट मैदानांतला, गहू रेल्वेने इथे येतो, पट्ट्यावरच्या बादल्यांनी पार वर नेतात, वर वजन करून, साफ करून, खाली कोठ्यांत सोडतात, आणि तिथून नळीने जहाजात. सव्वादोनशे मीटर लांबीची जहाजं इथून निघून सरोवरं आणि कालवे पार करत माँट्रियालच्या पुढे जातात. एकेकाळी धान्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत हे गणलं जायचं. बाबा म्हणाले, "हरिपूरला हळदीची पेवं जमिनीत. यांची पेवं आभाळात." मग तो एक एलिव्हेटर किती खंडी घेत असेल याचा हिशेब ते रात्री हॉटेलातल्या कागदावर करत बसले.

आम्ही दोनच रात्रींचं बुकिंग केलं होतं. अबोलीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सरोवर गार आणि वरची हवा गरम दमट झाली की असं धुकं धरतं, वारा जमिनीवरून फिरला की तासात जातं, आजची रात्र थांबाच. थांबलो. रात्री त्यांच्याकडे वरण-भात, अळूवडी. अळू कुठून आणलं ते आईने तीनदा विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बाबांनीच मला उठवलं. खिडकीतून दिसतंय म्हणाले. हिलक्रेस्टला गेलो. आकाश स्वच्छ, पाणी काचेसारखं, आणि पलीकडे तो आडवा. डोकं, छाती, घडी घातलेले हात, गुडघे, पाय. आईने बाकावर बसून हात जोडले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उजवीकडे पाय आहेत ना? मग उत्तर-दक्षिण झोपलाय." फोनमधलं होकायंत्र काढून त्यांनी ते तपासून घेतलं. विनिपेगला निघायचं होतं, आठ तासांचा रस्ता. हलायला अकरा वाजले.